बुरमाकानचा किडा

बुरमाकानइतकी भित्री बाई आमच्या गावात दुसरी नाही. कुत्र्याला भिते, विजेला भिते, जिल्ह्याहून साहेब आला की तिला चहा गिळवत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, हिच्यापाठी तर त्याचं अख्खं बिऱ्हाड आहे. आणि हीच बाई सरकारी दवाखान्याची नर्स, बालवाडीतल्या पोरांचे दात सांभाळणारी. मी त्या बालवाडीत स्वयंपाक करते, म्हणून सगळं जवळून पाहिलेलं आहे.

दातांकडे ती वळली तीही भीतीपोटीच. तिच्या लहानपणी शाळेत दातांचा डॉक्टर यायचा, दात कोरायचं, पायाने चालवायचं यंत्र घेऊन. आधी कुणाला कळवायचे नाहीत, वर्गाचं दार उघडायचं आणि नाव पुकारायचं. बधिर करण्याची भानगड नव्हती. पुढच्या पोराच्या किंकाळ्या ऐकत बाकाला धरून बसायचं, एवढंच हातात. नर्स झाल्यावर तिने एकच ध्यास घेतला, की आपल्या पोरांवर त्या यंत्राची पाळी येऊ द्यायची नाही. वर्षातून दोनदा कुंचल्याने त्यांच्या दातांवर पिवळं औषध लावायचं, जेवणानंतर रांगेत उभं करून दात घासून घ्यायचे, आणि माझ्या साखरेच्या डब्यावर डोळा ठेवायचा. खिरीतली साखर तिने निम्म्यावर आणली. पोरं रुसली माझ्यावर, ही आपली नामानिराळी.

पण घरी गेलं की पोरं ब्रशला हात लावायची नाहीत. आमच्याकडे आईबाप कामाला रशियात, पोरं आज्यांजवळ, आणि आजी रडणाऱ्या पोराच्या तोंडात खडीसाखर घालून मोकळी होते. तेव्हा बुरमाकानने किडा शोधून काढला. पोरांना गोल बसवून हळू आवाजात सांगायची, दातात किडा झोपलेला असतो, दात न घासता झोपलात की तो जागा होतो आणि आतून पोखरतो. पोरं पांढरीफटक पडायची. मी म्हटलं, अगं बाई, स्वतःची भीती पुरेना म्हणून पोरांना वाटत सुटलीस का? तर म्हणे, यंत्राच्या भीतीपेक्षा किड्याची बरी. आणि खरंच, पोरं घासायला लागली. मग मीही तोंड मिटलं.

तानसुलू तेव्हा पाच वर्षांची होती. आई मॉस्कोत हॉटेलात भांडी घासते, पोर आजीजवळ, सोनुन आपाजवळ. तपासताना बुरमाकानला तिच्या दाढेत भोक दिसलं. सवयीने बोलून गेली, "हा बघ, इथे बसलाय तुझा किडा. सोमवारी बघू त्याच्याकडे."

सोमवारी आजी तिला फाटकात सोडून गेली, तेव्हा पोर ठीक होती. मी लापशी वाढेपर्यंत तिचं तोंड लालबुंद झालं. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ कोरडे ठक्क. चमचा बाजूला पडला होता आणि ती हवेतून काहीतरी वेचत होती, एकेक, जपून. मी हाक मारली. तिने मान वर केली. डोळ्यांना रंगच उरला नव्हता, नुसत्या काळ्या बाहुल्या. तिने मला ओळखलं नाही. रोज माझ्या हातचं खाणारी पोर.

दवाखाना समोरच. बुरमाकान धावत आली, डोळे पाहिले आणि पोरीच्या तोंडात बोट घातलं. तानसुलू कडकडून चावली, तरी तिने दाढेतून कापसाचा बोळा ओढून काढला. त्यात वाटलेलं काळं बी होतं. खुरासानी ओवा, पोटात गेला तर विष. वास आला तशी मी ओळखला, माझ्या आईने माझ्यावरही केलेला उपाय तो. तापल्या तव्यावर बी टाकायचं, डोक्यावरून गोधडी घ्यायची, तोंड उघडून धूर घ्यायचा, खाली पाण्याचं भांडं. बी फुटून आतले पांढरे कोंब पाण्यात पडतात, आणि म्हाताऱ्या म्हणतात, पाहा, किडे पडले.

बोलावणं गेल्यावर सोनुन आपा आली ती भांडं घेऊनच, मोठ्या कौतुकाने दाखवायला. म्हणाली, बरेच निघाले, उरलेले मरावेत म्हणून दाढेत थोडं बी दाबलं.

"आपा, तुम्हाला कुणी सांगितलं हे करायला?" बुरमाकानचा आवाज फाटला होता.

"कुणी म्हणजे? तूच की. किडा आहे म्हणून तूच सांगितलंस ना पोरीला? नर्स म्हणते म्हटल्यावर मी हातावर हात ठेवून बसू?"

बुरमाकानने पोरीला उचललं. शेजारच्याची गाडी आणली, आम्ही तिघी पोरीला घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळाकडे निघालो. ती माझ्या मांडीवर होती. सारखी आईशी बोलत होती, आई गाडीत असल्यासारखी. सोनुन आपा एकच विचारत राहिली, हिच्या आईला मी काय सांगू, हिच्या आईला मी काय सांगू. बुरमाकानचं रक्ताळलेलं बोट पोरीच्या नाडीवर होतं. बुरमाकानच्या तोंडाकडे पाहायची माझी छाती होत नव्हती. मला वाटलं, पोर आता हातची गेली.

गेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आजीला ओळखलं, पाणी मागितलं. मग बुरमाकानकडे बघून विचारलं, "मेला का?"

"कोण?"

"किडा."

सोनुन आपा डोळ्यांनी विनवत होती, हो म्हण. हो म्हटलं असतं तर म्हातारीची लाज राहिली असती, पोर निवांत झोपली असती, आणि बुरमाकानलाही कुणी बोल लावला नसता.

"किडा नव्हताच गं," बुरमाकान म्हणाली. "तुम्ही दात घासावेत म्हणून मी खोटं सांगितलं."

तानसुलूने आजीचा हात ओढून त्याखाली तोंड लपवलं.

आता बालवाडीत किड्याचं नाव कुणी काढत नाही. बुरमाकान घरोघर जाऊन आज्यांना समजावते, शिव्या खाते, पुन्हा जाते. औषध लावायच्या दिवशी बाकीची पोरं तिच्यासमोर आ करतात. तानसुलूची पाळी आली की मात्र ती कुंचला माझ्या हातात देते आणि बाहेर जाऊन भिंतीआड उभी राहते, कारण ती दिसली की पोर किंचाळते.