आधीचा फोटो, नंतरचा फोटो

तोंडाला फेस लावून मला स्टेजवर खुर्चीत बसवलं होतं. भर दुपारी. सदर भागात एका हॉलसमोर मांडव घातलेला. पुढे चांगल्या घरची माणसं मोबाईल धरून बसलेली. मागे बॅनर, 'बेघरांना रोजगार'. न्हावी माझी दाढी करत होता अन् संस्थेची मॅडम माईकवर बोलत होती, "बघा, माणूस कसा माणसात येतो!"

म्हणजे तोवर मी कशात होतो?

माझं उभं आयुष्य लकडगंजच्या आरा मशीनवर ओंडके ओढण्यात गेलं. शाळा दुसरीपर्यंत, तीही अर्धी. बायको गेली, मग भाड्याची खोली पाडली, तिथं दुकानं झाली. पुलाखाली राहिलो, मग बेघरांच्या निवाऱ्यात आलो. तिथं नळ आहे, मी रोज आंघोळ करतो. पण कार्यक्रमाच्या आधी या लोकांनीच सांगून ठेवलं, आंघोळ करू नका, दाढी वाढू द्या. घाण त्यांना हवी होती. नाहीतर धुणार काय?

तरी मी बसलो. काम पाहिजे होतं. एका नव्या बिल्डिंगची चौकीदारी, अन् फाटकाजवळ राहायला खोली. आतून कडी लावता येईल अशी. ज्याला घर आहे त्याला कडी म्हणजे काय ते कळायचं नाही.

दाढी झाली. मॅडमनं मोबाईलमध्ये दोन्ही फोटो पाहिले. तोंड वाकडं केलं.

"आधी आणि नंतरमध्ये फरकच दिसत नाहीये. काका, मिशी पण काढू या."

न्हाव्याचा हात थांबला. तो हळूच म्हणाला, "मॅडम, मिशी बाप मेल्यावर काढतेत."

"अहो, केसच ते. परत येतील!" हे ती माईकमध्ये बोलली. मांडव हसला.

खाप्याला, कन्हान नदीच्या काठावर बापाला अग्नी दिला तेव्हा मी मिशी दिली होती. त्यानंतर तिथं वस्तरा लागू दिला नाही. मी न्हाव्याचं मनगट धरलं.

"माहा बाप एकडावच मेला, बाई. तुमच्या फोटोसाठी त्याले पुन्हा मारू काय?"

हसणं थांबलं. संस्थेचे साहेब जवळ आले, माईकवर हात ठेवून म्हणाले, "एवढा ताठा असेल तर रस्त्यावरच राहा ना."

मी उठलो. बाहीनं फेस पुसला. खाली रांगेत किसना होता, निवाऱ्यात माझ्या बाजूला झोपणारा. तो म्हणाला, "मिशीले पीळ देऊन पोट भरते काय गा? बस न चुपचाप!"

"तुले बसायचं त बस," मी म्हटलं.

तो बसला. त्याची मिशी गेली, त्याला वर्दी मिळाली, खोली मिळाली. किसनावर माझा राग नाही. भुकेला माणूस खुर्चीत बसतोच. पण त्याच्या लाजेवर टाळ्या वाजवणाऱ्यांवर मी थुंकतो.

दुसऱ्या दिवशी लकडगंजात फिरलो. "म्हातारा झाला गा तू," म्हणत सगळ्यांनी हाकललं. शेवटी एका मालकानं विचारलं, "काय करशील?" म्हटलं, "दाखवशील ते." पोत्यात लाकडाचा भुसा भरायचं काम लागलं. अजून तेच करून राहिलो. झोपायला निवाराच आहे.

काही महिन्यांनी मॅडम आरा मशीनवर हजर. सोबत बॅनर.

"काका, छान सेटल झालात! आमच्यासोबत एक फोटो?"

"काहून? हे काम तुम्ही देलं काय?"

"प्रेरणा तर आमचीच ना!"

मी हातातलं पोतं तिच्यासमोर झटकलं. भुसा उडाला. खोकत खोकत बाई गाडीपर्यंत गेली, बॅनरसकट.

आता मशीन सुरू व्हायच्या आधी निवाऱ्यातल्या तिघांना घेऊन मी लकडगंजात फिरतो. मालकाला पहिलंच सांगतो, काम दाखवा, मजुरी बोला. हे कुठे झोपतात ते विचारायचं नाही. दोघांना काम लागलं. तिसरा पायानं अधू आहे, त्याला कोणी उभं करत नाही. काल तो म्हणाला, "संस्थावाल्यांकडं जाऊन पाहू काय?"

"माह्या जिवात जीव आहे तोवर नाही," मी म्हटलं. "चल. पुढचं दुकान बाकी आहे."