नोलाला सांगून गेलेले

नोला प्रिचर्डला नसत्या चौकशा फार, असं तिच्याबद्दल सगळे म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. भर वाळवंटातल्या कॅसिडी वेलच्या आमच्या पेट्रोल पंपावर थांबलेला माणूस टाकी भरून, पाय मोकळे करून निघणार, एवढ्यात ती काउंटरमागून विचारणार, "कुठं निघालात? कुठल्या वाटेनं? पाणी किती घेतलंय?" एकदा सिडनीचे एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "बाई, तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही," नोला म्हणाली. "पोलीस इथून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहतो. तो येईपर्यंत तुमचं काय करायचं ते मलाच बघावं लागतं."

गृहस्थांनी मुकाट्यानं कुठं जाणार ते सांगितलं.

मी वॉल. पंपामागच्या शेडमध्ये टायरची कामं करतो. नोला, स्वयंपाकघर सांभाळणारी रोंडा आणि मी, एवढंच आमचं गाव. कुत्रं होतं, ते एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेलं.

आमच्याकडून पूर्वेला मार्लो क्रॉसिंगपर्यंत कच्चा रस्ता जातो, मधे त्याच्या दोन वाटा होतात. मधे ना घर ना दुकान, आणि मोबाइल नुसता घड्याळ बघायच्या कामाचा. म्हणून पद्धत अशी की निघताना नोलाला सांगायचं, आणि मार्लोला पोचलं की तिथल्या हॉटेलातून तिला फोन करायचा. अंधार पडेपर्यंत फोन आला नाही, तर पहाट होताच आम्ही शोधायला निघतो. ज्याला सांगितलं त्यानंच वाट बघायची. बहुतेक वेळा टायर फुटलेला असतो किंवा गाडी वाळूत रुतलेली असते, आणि माणूस गाडीच्या सावलीत तोंड पाडून बसलेला असतो. कधी पठ्ठ्या मार्लोला पोचून बिअर पीत बसलेला असतो आणि फोनचं साफ विसरलेला असतो. अशाला नोला जे काही ऐकवते ते मी इथं लिहिणार नाही.

त्या वर्षी ऑगस्टात, आमच्याकडचा हिवाळा सरता सरता, स्कॉटलंडहून क्लेमचा फोन आला. क्लेम तिचा धाकटा भाऊ. तरुणपणी आमच्याच भागात विहिरींसाठी बोअर पाडायचा, मग समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर कामाला गेला आणि ॲबर्डीनच्या मोरॅग नावाच्या बाईशी लग्न करून तिकडचाच झाला. यकृताचं दुखणं निघालं होतं. डॉक्टरांनी नाताळचं काही खरं नाही असं सांगितलं होतं. नोलानं फोन ठेवला, दोन ट्रकवाल्यांना मटणाचे पॅटिस वाढले, आणि मग शेडमध्ये येऊन मला म्हणाली, "वॉल, पासपोर्ट कुठं काढतात रे?"

ही बाई आयुष्यात ॲडलेडच्या पलीकडे गेलेली नव्हती.

मग आमच्याकडे परदेशाची तयारी सुरू झाली. रोंडानं शीतघराच्या दाराला पांढरी चादर लावून तिचा फोटो काढला. तो परत आला. डोळे उघडे दिसत नाहीत म्हणे. आता उन्हात जन्म काढलेल्या माणसाचे डोळे किती उघडणार? चार फोटो काढले, चारही तसेच. शेवटी रोंडानं तिला सांगितलं, "नोला, समज की वॉलनं काउंटरमधले पैसे उचलले." त्या फोटोत डोळे एवढे उघडले की पासपोर्ट लगेच आला.

मग टपालानं लोकरीचा कोट मागवला. बाहेर लोखंडाला हात लावला तर चटका बसत होता आणि ही बया कोट चढवून, गळ्यापर्यंत बटणं लावून शीतघरात मांसाच्या खोक्यावर जाऊन बसली. ॲबर्डीनची थंडी अंगाला सोसते का ते बघायला. बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून मी दार उघडलं, तर आत शांतपणे मासिक वाचत होती.

"कसं आहे?" मी विचारलं.

"नाक सोडून सगळं ठीक आहे. दार लाव, गरम हवा आत येतेय."

बॅग भरताना मात्र मी तिच्याशी भांडलो. कपड्यांच्या खाली ओढायचा दोर होता, पाना होता आणि पाण्याचा भला मोठा कॅन होता.

"विमान बंद पडलं तर तू खाली उतरून ढकलणार आहेस का?" मी म्हटलं.

"एवढ्या लांबचा प्रवास. हात हलवत कशी जाऊ?"

दोर आणि कॅन मी काढून घेतले. पाना तिनं लपवला, तो पुढं विमानतळावर निघाला. क्लेमसाठी रानपीचचा मुरंबा होता, त्याला मी हात लावला नाही. दर रविवारी ती क्लेमशी बोलायची आणि दर रविवारी त्याचा आवाज आणखी बारीक झालेला असायचा. आपण पोचेपर्यंत तो राहील ना, एवढंच तिच्या डोक्यात होतं. फोन ठेवताना ती दर वेळी एकच सांगायची, "मी येईपर्यंत कुठं जाऊ नकोस." क्लेम म्हणायचा, "मला कोण गाडी देतंय?"

जायच्या आदल्या दिवशी सकाळी एक डच जोडपं आलं. योस्ट आणि मारायके. भाड्याची मोठी गाडी, छपरावर तंबू, दोघंही उन्हानं लालभडक. स्वभावानं गोड. योस्टनं नोलाला नकाशावर बोट ठेवून सांगितलं, मार्लोला चाललोय, दोनपैकी कुठली वाट धरायची ते फाट्यावर ठरवू, संध्याकाळच्या आत पोचू, पोचलो की फोन करू. नोलानं पाणी बघितलं, टायर मी बघितले. गेले.

संध्याकाळ झाली तरी फोन नाही. नोलाची बॅग दाराशी उभी होती. पहाटे मी तिला ॲलिस स्प्रिंग्जला सोडायचं, दुपारचं विमान, असं ठरलेलं. तिनं मार्लोला फोन लावला. तिथला हॉटेलवाला म्हणाला, कुणी आलेलं नाही. त्या दिवशी उष्णता अशी होती की पक्षी नळाखाली येऊन बसले होते. पोलिसाकडे फोन लावला, तर तो दुसऱ्या टोकाला एका अपघातावर गेलेला.

पहाटे उठून मी गाडी काढली, तर नोला तिच्या जीपमध्ये पाणी चढवत होती. बॅग तिथंच दाराशी.

"हे काय चाललंय?" मी म्हटलं. "त्यांना मी बघतो. तुला रोंडा सोडेल."

"वाटा दोन आहेत, वॉल. एक ओढ्याकडून, एक खाऱ्या तळ्याकडून. तू कुठली धरणार?"

"आधी एक, मग दुसरी."

"आणि ते दुसरीवर असले तर?"

मी म्हटलं, "ते कोण लागतात तुझे? काल सकाळी पाहिलंस त्यांना. क्लेम तुझा भाऊ आहे. तो तिकडं जीव धरून बसलाय."

"मला सांगून गेलेत ते."

"शेकडो लोक सांगून जातात."

नोलानं पाण्याचा कॅन खाली ठेवला. "माझा बाप सांगून गेला नव्हता," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं जनावरं बघायला गेलाय, येईल. चौथ्या दिवशी क्लेम घोडा घेऊन गेला. पंधरा वर्षांचा होता. बाप सापडला तो क्लेमला, तहानेनं गेलेला. गाडीपासून थोडाच लांब. त्यावर क्लेम आजवर माझ्याशीसुद्धा बोललेला नाही."

एवढी वर्षं एका छपराखाली काम करतोय, पण हे मला माहीत नव्हतं. तरी मला वाटत होतं की ती चूक करतेय. मी गाडीत बसलो आणि ओढ्याच्या वाटेला लागलो. ती तळ्याच्या वाटेनं गेली. रोंडा फोनपाशी बसली.

ओढ्याच्या वाटेवर मला उंट दिसले, एक मेलेली गाय दिसली, माणूस दिसला नाही. वाटेत ॲलिसचं विमान सुटायची वेळ झाली ते मला कळलं, कारण मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. मार्लोला पोचून मी हॉटेलच्या पडवीत बसलो. विमान गेलं होतं आणि आता ते दोघं मेलेले सापडले तर काय, आणि जिवंत सापडले तर काय, दोन्ही मला नको वाटत होतं.

दुपार कलल्यावर नोलाची जीप आली. तिच्यामागे छपरावर तंबू असलेली गाडी. दोघंही धडधाकट. केस ओले.

वाट सोडून ते एका पाणवठ्यावर उतरले होते. झाडं होती, पाणी होतं, पांढरे पोपट होते. जागा इतकी आवडली की म्हणे आजची रात्र इथंच राहू. नोला पोचली तेव्हा दोघं पोहत होते. तिला बघून हात हलवला. चहा विचारला. तिनं घेतलासुद्धा.

"त्यांना काय म्हणालीस?" मी विचारलं.

"फोन करायचा असतो म्हटलं."

"एवढंच?"

"दमले होते रे मी."

मग जे बोलायचं ते मी बोललो. तिचा भाऊ, विमान, सगळं. योस्टचा चेहरा पांढराफटक पडला. "आम्हाला वाटलं, फोन करा म्हणणं ही इथली बोलायची पद्धत आहे," तो म्हणाला. "जसं आपण म्हणतो, पुन्हा या." मारायके रडायला लागली, आणि नोलाच तिची समजूत काढत बसली. मला दोघांना पाण्यात बुचकळून काढावंसं वाटत होतं, पण पोहून झालेलंच होतं त्यांचं.

मार्लोच्या फोनवरून नोलानं ॲबर्डीनला कळवलं. फोन मोरॅगनं घेतला. मी शेजारी उभा होतो, तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. क्लेम आता बराचसा झोपूनच असतो, ओळखतो कधी, कधी नाही. आणि तुम्ही परक्या माणसांसाठी थांबलात? नोला म्हणाली, "हो." मोरॅगनं फोन आपटला.

पुढचं विमान तीन दिवसांनी मिळालं. ते तीन दिवस नोलानं कुणाला काही विचारलं नाही. लोक आले, पेट्रोल भरून निघून गेले, ती नुसती सुटे पैसे देत राहिली. रोंडा मला म्हणाली, "ती बोलत नाही, त्यापेक्षा शिव्या देऊ दे."

ॲलिसला मीच तिला सोडलं. हायवेवर ती म्हणाली, "वॉल, मी चुकले का?"

"हो," मी म्हटलं. मला तसंच वाटत होतं, आणि खोटं बोलून तिला बरं वाटलं नसतं. तिनं मान हलवली. विमानतळावर त्या उकाड्यात लोकरीचा कोट तिनं हातावर घेतला होता, सगळे तिच्याकडे बघत होते.

पुढचं मला तिनं परत आल्यावर सांगितलं, टायर फिरवायला मदत करता करता.

ॲबर्डीनला मोरॅगनं दार उघडलं. आत या म्हणाली, बसा म्हणाली नाही. "क्लेम जागा आहे का?" नोलानं विचारलं. "सकाळपासून डोळे उघडलेले नाहीत," मोरॅग म्हणाली, "काल दिवसभर दाराकडे बघत होता. तुम्ही हरवलेल्यांना शोधायला थांबलात, हे सांगितलं होतं मी त्याला." नोला कोटासकट त्याच्या पलंगाशी जाऊन बसली. एवढासा झाला होता. मोरॅग पाठीमागे हाताची घडी घालून उभी. नोलाला वाटलं, मार्लोच्या वाटेवर आपण या माणसाला गमावून बसलो. मग तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, "क्लेम, मी आलेय. उशीर झाला. माफ कर."

बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे बघितलं. ओळख पटायला वेळ लागला. काहीतरी बोलला ते तिला ऐकू आलं नाही म्हणून तिनं कान जवळ नेला.

"सापडले का?" क्लेम विचारत होता.

"सापडले."

"जिवंत?"

"दोघंही. पोहत होते."

क्लेम हसला. हसताना त्याला ठसका लागला, मोरॅगनं पुढं होऊन त्याला उचलून धरलं, पाणी पाजलं. त्याचे डोळे वाहत होते आणि तो मोरॅगला सांगत होता, ऐकलंस का, पोहत होते म्हणे. दोनदा सांगितलं त्यानं. मोरॅगला काही कळलं नाही. मग नोलानं तिला बापाचं सांगितलं, कारण लग्नाला एवढी वर्षं झाली तरी क्लेमनं तिलाही ते सांगितलेलं नव्हतं. मोरॅगनं दुसरी खुर्ची आणून नोलाच्या शेजारी ठेवली आणि ती पण बसली.