पाणी प्या आणि किल्ली मागा

शोभाताईंनी चप्पल काढली. खांद्याची बॅग काढली. मग हातातल्या बांगड्याही काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा काट्यावर चढल्या. आकडा तोच.

"तुमचा काटाच बिघडला असंल मॅडम."

मी स्वतः काट्यावर उभी राहिले. काटा बरोबर होता.

मी नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात डायटिशियन आहे, म्हणजे आहारतज्ज्ञ. लोकांना वाटतं, आम्ही फक्त हे खाऊ नका, ते खाऊ नका एवढंच सांगतो. खरं तर आमचं अर्धं काम समोरचा माणूस नक्की काय खातो-पितो हे काढून घेण्यात जातं. माझं गाव औशाकडचं. वडील लातूरला डाळ मिलमध्ये हमाल होते, आई तिथंच डाळ निवडायची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. केबिनबाहेर माझ्या नावापुढं डिग्री लिहिलेली पाटी आहे. ती मी स्वतः पुसते, शिपायाला हात लावू देत नाही.

शोभाताई लाल बसवर कंडक्टर. चाळिशी ओलांडलेली, आवाज खणखणीत, गुडघे मात्र कामातून गेलेले. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उतरवा, नाहीतर उभ्याची ड्युटी सोडा. वर त्यांची मेडिकल जवळ आली होती. मेडिकल म्हणजे खात्याची तपासणी. तिथं अनफिट असा शेरा पडला की गाडीवरून उतरवून टेबलावर बसवतात.

एखादीला ते बरंच वाटलं असतं. शोभाताईंना नाही.

"मी लागले तवा भाया म्हनले, बाईमानसाला गाडीवर जमतच न्हाई," त्या म्हणाल्या. भाया म्हणजे त्यांचे थोरले दीर. "इतकी वर्सं जमवून दाखवलं. आता ह्या गुडघ्यानं त्यांचं खरं करावं का?"

पहिल्या महिन्यात वजन चांगलं उतरलं आणि मग अडकलं. आम्ही ह्याला प्लॅटो म्हणतो. वजन उतरताना शरीर मध्येच एका पायरीवर बसून राहतं. पण शोभाताईंचं बसणं मला साधं वाटत नव्हतं. दुपारी डोकं ठणकायचं. पोट साफ होत नव्हतं. लघवीला जळजळ, त्याच्या गोळ्या पुन्हा पुन्हा. ही सगळी लक्षणं पाणी कमी पडल्याची.

एक सांगून ठेवते. पाण्यानं चरबी वितळत नाही. मोबाइलवर कोणी काहीही सांगो. पण तहान लागली की पुष्कळांना भूक लागल्यासारखं वाटतं, आणि भाजी-कोशिंबीर वाढवून पाणी नाही वाढवलं तर पोट गच्च होतं. किडनीचा, हृदयाचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाणी प्यावं. शोभाताईंना तसलं काही नव्हतं.

"पाणी किती पिता?"

"दोन लिटरची बाटली हाय. दिसातून दोनदा भरते. रिकामी व्हती का न्हाई ते डायवरला इचारा."

त्या खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलणारा माणूस आकडा सांगताना छताकडं बघतो. त्या माझ्याकडं बघत होत्या.

मी फाइल घेऊन मोठ्या डॉक्टरसाहेबांकडं गेले. दवाखाना त्यांचा आहे.

"पेशंट चार्ट फॉलो करत नाही," साहेब म्हणाले. "पावडर सुरू कर."

पावडर म्हणजे एका जेवणाऐवजी घ्यायचा डबा. आमच्याच दवाखान्याच्या औषध दुकानात मिळतो.

"सर, पावडर पण पाण्यातच घ्यायची असते."

"मग काय करणार आहेस? तिच्या मागं बसमध्ये जाऊन बसणार?"

"जाते की."

साहेब हसले. मी नाही हसले.

आठवड्यातून एकदा एका तालुक्याच्या गावी माझी ओपीडी असते. त्या गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांशी मला अजून काम पडतं. मुदखेड, भोकर करत तिकडं जाणारी गाडी शोभाताईंचीच. एरवी मी दवाखान्याच्या जीपनं जायची. त्या दिवशी तिकीट काढलं आणि त्यांच्या मागच्या सीटवर बसले.

एप्रिलचं ऊन. खिडकीतून वारा नाही, वाफ येत होती. शोभाताईंची बाटली मोठी, भोवती ओलं फडकं गुंडाळलेलं. नांदेड सुटलं आणि एका म्हाताऱ्यानं हात पुढं केला.

"पोरी, घोटभर पानी दे."

दिलं. मग एका बाईचं लेकरू ओकलं, त्याचं तोंड धुवायला दिलं. मग एकानं मागितलं, त्यानं पिऊन न विचारताच मागच्या सीटवर दिलं. बाटली हातोहात शेवटपर्यंत गेली आणि फिरून आली तेव्हा तळाला चूळभर पाणी होतं. तेवढं शोभाताईंनी वरून तोंडात सोडलं आणि तिकिटं द्यायला लागल्या.

आरशातून ड्रायव्हर बघत होते. मारोतीमामा त्यांचं नाव.

"मॅडम, आमच्या गाडीत टिकिटावर पानी फुकट हाय," ते म्हणाले. "शोभाबाईची पानपोई म्हनतेत हिला."

"तुमी फुडं बघा मामा, खड्डा येऊन राहिला."

म्हणजे बाटली दोनदा रिकामी होत होती, हे अगदी खरं होतं. ती कोण रिकामी करतं, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. आणि आपल्याकडं पाणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत. चहाला म्हणतील, भाकरीला म्हणतील, पाण्याला नाही.

भोकरला गाडी लागायच्या आत कँटीनवाला पोऱ्या कट चहा घेऊन दारात. मुदखेडलाही तेच झालं होतं.

"हे चहा तुम्ही मला सांगितलेच नाहीत," मी म्हटलं.

"हा चहा कुठं हाय मॅडम? कट हाय. घोटभर घसा वला करायला."

साखरेचा पाक होता तो. तहानेला कट चहा, डोकेदुखीला कट चहा. वजन कुठं अडकलं ते कळलं. पण बाटली तर भोकरला पुन्हा भरली होती, नळ समोर होता. तरी शोभाताई पाणी न पिता चहा का पीत होत्या, ते कळेना.

शेवटचा स्टँड आला. प्रवासी उतरले. मी त्यांना थेट विचारलं. "भोकरला नळाशी उभ्या होतात. तिथं का नाही प्यायलात?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पिऊन जाऊ कुठं?"

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. स्टँडच्या कोपऱ्यात बायकांची मुतारी होती. दाराला कुलूप. घाण करतात म्हणून लावलेलं. किल्ली कंट्रोलरच्या खिडकीत. कंट्रोलर म्हणजे गाड्यांची वेळ लावणारा, माइकवरून पुकारणारा साहेब. किल्ली हरवू नये म्हणून तिला हातभर लाकडी पाटी बांधलेली, पाटीवर लाल रंगात 'महिला'. ती पाटी घेऊन सगळा स्टँड ओलांडायचा. बाकांवर जास्त करून गडीमाणसं.

"मागं एकदा मागितली," शोभाताई म्हणाल्या. "तर हा बाबा हसत म्हनला, काय शोभाबाई, रेडिएटर गळून राहिलं का? माइक चालूच व्हता. सगळा स्टँड हसला. तवापासून सकाळी घरून निघताना जाते ते दुपारी घरी गेल्यावर. मधल्या स्टँडवर गाडी घडीभरच थांबती. पानी पेलं की जावं लागतं. म्हनून पेतच न्हाई."

मी तावातावानं खिडकीकडं निघाले. त्यांनी माझा दंड धरला.

"तुमी भांडून निघून जासाल. मला रोज हितंच यायचंय."

बरोबर होतं ते. मी दम घेतला. समोरच माझी ओपीडी. तिथं त्यांना नेलं, खुर्चीवर बसवलं आणि लेटरहेड काढलं. औषध लिहितात तसं लिहायला घेतलं. पाणी, गाडी सुटताना एक ग्लास, मुदखेड सोडल्यावर एक, भोकरला एक. कट चहा बंद, त्याऐवजी पाणी. आणि खाली ठसठशीत अक्षरात, लघवीला जाणे, ह्या स्टँडवर प्रत्येक फेरीला, चुकवू नये. सही केली. सहीखाली डिग्री लिहिली. शिक्का जरा दाबूनच मारला.

"आणि बाटल्या दोन करा," मी म्हटलं. "मोठी लोकांची. छोटी तुमची."

"सोतासाठी लपवून ठिवू? म्हातारं मानूस मागल आन मी न्हाई म्हनू?"

"नाही म्हणू नका. मोठी द्या. छोटी औषधाची आहे म्हणा."

त्यांनी जरा विचार केला. मग पर्समधून गोळ्यांचं रिकामं पाकीट काढलं आणि माझ्याकडच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला रबर लावून बांधलं. "औशिद दिसलं की कोनी मागत न्हाई," त्या म्हणाल्या. हे मात्र मला सुचलं नसतं.

तिथंच त्या दोन ग्लास पाणी प्यायल्या. परतीच्या गाडीला वेळ होता. थोड्या वेळानं उठल्या, पदर खोचला, चिठ्ठी घेतली. मी ओपीडीच्या पायरीवर उभी राहिले. पुढं गेले नाही.

"किल्ली द्या."

"काय शोभाबाई, आज पुन्यांदा रेडि..."

त्यांनी चिठ्ठी खिडकीत ठेवली. "वाचा. तुमाला माइकची लई हौस हाय ना? माइकवर वाचा."

कंट्रोलरनं वाचली. मनातल्या मनात. कान लाल झाले ते मला पायरीवरून दिसलं.

"हे दवाखान्यातलं हाय का?"

"शिक्का हाय की खाली. औशिद हाय हे. माजा डोस चुकला तर मेडिकलला तुमचं नाव सांगनार."

किल्ली खिडकीतून बाहेर आली. शोभाताईंनी ती पाटी लपवली नाही. खांद्यावर टाकली, कुऱ्हाड टाकतात तशी, आणि बाकांच्या मधून चालत निघाल्या. कोणी हसलं नाही. एका बाकावरची नऊवारीतली म्हातारी गाठोडं घेऊन उठली.

"थांब गं माय, मी बी येते."

तिच्या मागं दोन कॉलेजच्या पोरी उठल्या. मग लेकरू कडेवर घेतलेली एक बाई. किल्ली परत गेली तोवर मारोतीमामांनी दोनदा हॉर्न वाजवला होता.

चिठ्ठीची कार्बन कॉपी फाइलला लागली आणि साहेबांच्या हातात पडली.

"लेटरहेडवर हे काय लिहिलंयस?"

"ट्रीटमेंट, सर."

"बरं दिसतं का?"

"जळजळीच्या गोळ्या तुम्ही कितीदा लिहिल्यात ते बघा. मी हे एकदाच लिहिलंय."

साहेबांनी फाइल चाळली. मग म्हणाले, "पुढच्या वेळी इंग्लिशमध्ये लिही."

"मग कंट्रोलरला कळलं नसतं, सर."

त्यांनी फाइल मिटली. पावडरचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढं काय झालं ते सांगते. डोकेदुखी आधी गेली. मग पोट साफ व्हायला लागलं. कट चहा सुटला तसं काट्यानंही ऐकलं, अगदी सावकाश. मेडिकलच्या दिवशी वजन माझ्या चार्टवरच्या आकड्याला पोचलं नव्हतं आणि गुडघे काही नवे झाले नव्हते. पण उतरणारं वजन बघून तिथल्या डॉक्टरांनी शेरा दिला, फिट, लाइन ड्युटी, म्हणजे गाडीवरच. शोभाताईंनी तो कागद आधी भायांच्या हातात दिला, वाचून घेतला, मग मला फोन केला.

"काय म्हणाले भाया?"

"चष्मा न्हाई म्हनले. मी म्हनलं, चष्मा आना, मी थांबते."

कंट्रोलरसाहेबांनी दिवसाचं कुलूप काढून टाकलं. त्यांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही. दिवसभर बायकांना किल्ली देऊन देऊन वैतागले. पाटी अजून खिडकीत लटकते, रात्रीपुरती.

मी माझ्या कामात एक बदल केला. पाणी किती पिता हे विचारायच्या आधी आता विचारते, जायची सोय काय आहे? साडीच्या दुकानात उभ्या राहणाऱ्या बायका, शाळेतल्या मॅडम, लातूरच्या क्लासला शिकून सुट्टीत घरी आलेल्या पोरी. हा प्रश्न आला की पुष्कळजणी खाली बघतात. मग मी लेटरहेड काढते. मराठीतच लिहिते. शिक्का अजून दाबूनच मारते.