साडूंना धीर द्यायला गेलो

आमच्या साडूंइतका स्वतःवर खूश असलेला माणूस सगळ्या हैदराबाद संस्थानात दुसरा नव्हता, आणि संस्थान गेल्यावर हिंदुस्थानातही नसावा. तारनाक्याला त्यांचं बिऱ्हाड. घरात चांगली सुरी असताना आंबा कापायला शेजारच्या, रेल्वेतल्या तेलुगू गार्डसाहेबांची मागायचे. दाढी समोरच्या हकीमसाहेबांच्या आरशात. “माणसाला काम सांगितलं की माणूस आपला होतो, साडूभाऊ,” असं वर मलाच शिकवायचे. मी कधी कुणाची काडी मागितली नाही, त्यामुळे माझ्याकडे कुणी फिरकत नसे. यांच्याकडे मात्र सदा बैठक भरलेली. “भाऊजी बघा कसे हसतमुख,” असं आमची ही म्हणाली की माझ्या घशाखाली घास उतरत नसे. जळायचो मी, सरळ सांगतो.

पोलीस ॲक्शनच्या दिवसांत दंगलीच्या भीतीनं आम्ही दारं लावून बसलो होतो. साडूंनी हकीमसाहेबांच्या बायकामुलांना आपल्या माजघरात आणून ठेवलं, आणि त्या धामधुमीत बेगमसाहेबांकडे खट्ट्या दाळीची फर्माईश केली. भीती म्हणून नाही. “होऊन जातं की हो सगळं बरोबर,” एवढंच.

पुढे दफ्तरांचा कारभार उर्दूतून इंग्रजीत गेला. साडूंची उर्दू देखणी, इंग्रजीच्या नावानं पूज्य. मी इंग्रजीचा मास्तर, त्यामुळे माझा भाव वधारला आणि त्यांची दफ्तरातली नोकरी गेली. ऐकून वाईट वाटलं, पण आतून उकळीही फुटली. आता तरी हा गृहस्थ माझ्यापुढे रडेल, आणि मी त्याला धीर देईन. आबिड्सच्या बाजारात मोसंबी घेतली, काय बोलायचं ते वाटेत घोकलं.

पोचलो तर दारात चपला काढायला जागा नाही. गार्डसाहेब साडूंसाठी ओळखीच्या शाळेत उर्दू शिकवायचं काम बघत होते, हकीमसाहेब आपल्या दवाखान्याचा पत्रव्यवहार त्यांच्या गळ्यात घालत होते, आणि दोघांचं त्यावरून वाजलं होतं. साडू मधोमध बसून दोघांची समजूत घालत होते. मला पाहताच म्हणाले, “नोकरी माझी गेली साडूभाऊ, तोंड तुमचं का उतरलं?” आणि मी आणलेलं मोसंबं सोलून माझ्याच हातावर ठेवलं.

घोकलेलं सगळं पोटात घेऊन, नोकरी शाबूत असलेला मी एकटा घरी परतलो. हे जळणं कुणापाशी तरी बोलून टाकावं असं पुढे पुष्कळदा वाटलं. पण इतकं आतलं ज्याला सांगता येईल असा माणूस मला सगळ्या शहरात एकच होता, आणि ते आमचे साडूच.