टोपीवाला राजा

नोकरीतली खुनाची प्रकरणेसुद्धा आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका दगडाच्या चोरीचे प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते, आणि आठवले की तळपायाची आग मस्तकात जाते. त्या रागातला थोडा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे.

दारूबंदी लागू होऊन काही वर्षे झाली होती. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. आमच्या हद्दीत डोंगरावर एक खोरे होते. वर सपाटी, मधोमध तळे, आणि तळ्याचे पाणी पुढे खोल दरीत पडे. धुळ्या-जळगावात वैशाखात घराचे पत्रे तापून जीव नकोसा होई, तेव्हा या खोऱ्यात रात्री पांघरूण लागे. म्हणून इंग्रज साहेबांनी तिथे बंगले बांधले. तेव्हा रस्ता नव्हता. साहेब खुर्चीत बसे, खुर्चीला दांडे लावलेले असत आणि दांडे भिल्लांच्या खांद्यावर. पुढे साहेब गेले, रस्ता झाला आणि बंगले सरकीच्या नि केळीच्या व्यापाऱ्यांनी घेतले. भिल्लांच्या नशिबी चारोळी आणि मोह विकून मीठ आणणे, आणि हंगामात बंगल्यांना दूध-जळण पोचवणे. कुंपणे दरवर्षी थोडी पुढे सरकत. गुरे तळ्यावर नेली तर माळी हाकलून देई. पाहुण्यांना शेणाचा वास येतो, म्हणे!

एका सकाळी एका जिनिंगवाल्या शेठच्या बंगल्याचा रखवालदार ठाण्यात आला. दारासमोरची राजाची पुरातन मूर्ती चोरीला गेली होती. चोर कोण, तेही त्याला ठाऊक होते.

"दरीच्या तोंडाशी चला साहेब. मूर्तीसमोर दारू घेऊन बसलेत. दोन्ही गुन्हे एकदमच सापडतील."

ते खरेच सापडले. दरीच्या कडेला कमरेएवढा कोरीव दगड उभा होता. त्याला चंदेरी ऑइलपेंट फासलेला. समोर एक तिशीचा भिल्ल, त्याची म्हातारी आई आणि मोहाच्या दारूची एक बाटली, अजून बूचही न काढलेली. आम्ही पंचनामा केला. माणूस, दगड आणि बाटली गाडीत घालून ठाण्यावर आणली.

आमचे हवालदार पारोळ्याचे, बोलायला तिखट. दगड मुद्देमालाच्या खोलीत ठेवताना म्हणाले, "साहेब, पत्रे चोरणारे पाहिले, इंजिनं चोरणारे पाहिले. पाठ मोडून धोंडा चोरणारा हा पहिलाच."

चौकशी मी केली. कोणाला विकणार होतास, मागे कोण आहे, हेच पुन्हा पुन्हा विचारले. तो एकच सांगत राहिला, "चोरी नही करी, सायेब. तो मना बाप शे."

मला वाटले, दगडाला बाप म्हणून थट्टा करतोय. मी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही.

"तुमना पोरे बी त्यानावर बठेल व्हतात," तो म्हणाला. "मी काही बोलनू का?"

पुन्हा उगारलेला माझा हात तिथेच थांबला. आदल्या वैशाखात त्याच शेठच्या आग्रहावरून मी बायकोमुलांना घेऊन त्या बंगल्यात राहिलो होतो. मुले दारातल्या 'राजा'वर घोडा-घोडा खेळत. रोज सकाळी एक जण जळणाची मोळी टाकून जाई. तो हाच. मी त्याच्या तोंडाकडे कधी पाहिलेच नव्हते.

मी त्याला पाणी दिले आणि पहिल्यापासून सांगायला लावले. त्याचा बाप साहेबांची खुर्ची वाहणारा. दरीच्या वाटेवर पाय घसरला. "सायेबनी उडी मारी. बाप खुर्चीसंगे गया." अपघाताने मेलेल्याच्या नावाने हे लोक दगड कोरून उभा करतात, त्याला गाता म्हणतात. वर्षातून एकदा त्याच्यावर दारू ओतायची, म्हणजे मेलेला तहानलेला राहत नाही. शेठचे कुंपण पुढे सरकले आणि गाता आत गेला. शेठने तो उपटून, रंगवून दारात लावला. तेव्हापासून बाप तहानलेलाच होता.

"याला पुरावा काय?" मी विचारले.

"दगड धुई पहा. वर बठेल शे तो सायेब. खाल शे तो मना बाप."

हवालदारांनी रॉकेलचा बोळा घेतला आणि घासायला बसले. रंग सुटला. खांद्यावर दांडे घेतलेली माणसे दिसली, वर खुर्ची दिसली. खुर्चीतल्या राजाच्या डोक्याशी हवालदार थांबले.

"साहेब, राजाने हॅट घातलीय की हो!"

मी शेठला बोलावून दगड दाखवला. तो जरासुद्धा ओशाळला नाही. "जमीन माझी, जमिनीवरचं सगळं माझं," तो म्हणाला. "आणि फौजदारसाहेब, मागच्या वैशाखात तुम्हीही राहून गेलात की! तेव्हा नाही हॅट दिसली?"

मी चोरीचा गुन्हा बंद करायला न्यायालयाकडे 'सी' समरी मागितली. गैरसमजातून फिर्याद झाली, असा अहवाल दिला. शेठवर उलट गुन्हा नोंदवू पाहिला, तर वरून निरोप आला की उगाच वाढवू नका. मी वाढवले नाही. दारूबंदीचा खटला मात्र उभा राहिला, कारण बाटली पंचांसमक्ष मिळाली होती. त्या भिल्लाला तुरुंग झाला. आणि शेठकडे तब्येतीच्या कारणावरून काढलेला दारूचा परवाना होता! त्या बंगल्याच्या व्हरांड्यात उघडलेल्या विलायती बाटल्या मी पाहिल्या होत्या. मृताचा दगड उपटणारा सुटला आणि मृताला घोटभर दारू पाजू पाहणारा आत गेला. कायद्याने सगळे बरोबर होते, आणि तो कायदा मीच राबवला होता.

दगड त्याच्या घरच्यांना परत करावा आणि दारू नष्ट करावी, असे न्यायालयाचे हुकूम आले. दारू ठाण्यामागच्या नाल्यात ओतायची आमची रीत. त्या वेळी मी दगड आणि बाटली एकाच गाडीत घालून वर नेली.

म्हातारी दरीपाशी वाट पाहत होती. शेठचे कुंपण आता अगदी कड्याला भिडले होते. तारा आणि कडा यांच्यामध्ये एक दगड मावेल एवढीच पट्टी उरली होती. तिथे आम्ही गाता उभा केला. मी बाटली तिच्यापुढे धरली.

"सायेब, बूच तुमीच उघाडा," ती म्हणाली. "मी उघाडसू त माले बी धरशात."

हवालदारांनी तोंड फिरवले. मी बूच काढले. तिने बाटली घेऊन दगडावर रिकामी केली.

खालची माणसे पाहायला शिका, एवढेच मला त्या दगडाने शिकवले, आणि तेही माझी मुले त्यावर बसून गेल्यानंतर. 'दारू जमिनीवर ओतून नष्ट केली', असे माझ्या सहीच्या पंचनाम्यात आहे. ते खोटे आहे. जमीन त्यांना उरलीच कुठे होती? दारू दगडावरून ओघळली आणि थेट दरीत गेली, बाप गेला होता तिथे.