पाट मांडा

नवी मुंबईत पावणे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात कोल्ड स्टोरेजचे कंट्रोलर बनतात. आत लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा बोर्ड असतो. गेल्या वर्षी नवा बोर्ड आला आणि त्याचा एसडीके, म्हणजे लॅपटॉपवर बोर्डासाठी प्रोग्रॅम बनवायची सामग्री, बसवायचं काम माझ्याकडे आलं. चार दिवस झटून मी वहीत अकरा पायऱ्या लिहिल्या. यादीशिवाय मला सुचत नाही.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसायचा. "काय मॅडम, वाण्याची यादी का? साबुदाणा राहिला बघा."

सोमवारी तीच यादी टाइप होऊन शेठच्या टेबलावर होती. खाली त्याचं नाव. शेठ खूश. त्याला म्हणाले, "शुक्रवारी सगळ्यांसमोर करून दाखव. जमलं तर नव्या बोर्डाचं काम तूच बघ."

ते काम मला हवं होतं. तेव्हाच बोलणार होते, पण आधी यादी वाचली. पायऱ्या दहाच! सातवी गाळलेली: "पाट मांडा."

आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटमध्येही सासूबाई खालीच बसून जेवतात. दर जेवणाला पाट नव्याने मांडायचा. तसंच, टर्मिनलची नवी खिडकी उघडली की दर वेळी एसडीकेची एक फाइल आधी चालवायची. नाहीतर लॅपटॉप स्वतःच्याच प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम बनवतो. म्हणून वहीत 'पाट मांडा'. सहकाऱ्याला वाटलं असणार, बाईने घरचं काहीतरी मध्येच लिहिलंय.

सांगायला चार दिवस होते. सांगितलं नाही. गुरुवारी त्याला चहासुद्धा पाजला.

शुक्रवारी प्रोग्रॅम विनातक्रार बनला, बोर्डावर गेला आणि बोर्डाने नाकारला. तीनदा. शेठ घड्याळ बघायला लागले.

"मॅडम, जरा बघता का?" तो हळूच म्हणाला.

मी मुद्दाम मोठ्याने विचारलं, "पाट मांडलात?"

"कसला पाट?" शेठनी विचारलं.

"त्यांना विचारा ना शेठ. यादी त्यांची आहे."

मी वही आणली, सातवी पायरी शेठपुढे धरली, ती फाइल चालवायची एक ओळ टाइप केली, प्रोग्रॅम पुन्हा बनवला. बोर्डावरचा हिरवा दिवा लागला.

काम मला मिळालं. सोमवारी पहिलं काम मी त्यालाच दिलं: यादी पुन्हा टाइप करा, अकराच्या अकरा.

"खाली नाव?" त्याने मान वर न करता विचारलं.

"वाण्याचं," मी म्हटलं.