हट्टी संख्येवरची चार पाने

एकपासून पुढची कोणतीही पूर्ण संख्या घ्यावी. सम असेल तर निम्मी करावी, विषम असेल तर तिप्पट करून त्यात एक मिळवावा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हेच करावे. सातपासून सुरुवात केली तर बावीस, अकरा, चौतीस, सतरा असे आकडे वरखाली होत शेवटी एकवर येतात. सत्तावीस घेतले तर आकडा नऊ हजारांच्या वर चढतो आणि मग उतरतो. आजवर तपासलेली प्रत्येक संख्या एकवर आली आहे. प्रत्येक संख्या येतेच, हे मात्र कोणालाही सिद्ध करता आलेले नाही. जगभरातले गणितज्ञ कित्येक दशके या प्रश्नापाशी अडले आहेत. मी गणितज्ञ नाही. मी एका दैनिकाच्या जिल्हा डेस्कवर उपसंपादक होतो.

हा प्रश्न माझ्याकडे रिकाम्या जागेच्या निमित्ताने आला. रविवारच्या पानावरची एक जाहिरात ऐनवेळी रद्द झाली आणि तिथे छोटी चौकट हवी होती. मी या संख्यांवर ती लिहिली. छापण्याआधी आकडे तपासायचे ही डेस्कची सवय, म्हणून काही संख्या कॅल्क्युलेटरवर करून पाहिल्या. पान छपाईला गेले, संख्या करून पाहणे थांबले नाही. पुढे महापे येथील आमचे कार्यालय बंद झाले, डेस्क दुसऱ्या शहरात हलले, आणि मी बरोबर न जाता नेरूळच्या घरी राहिलो. त्याच सुमारास मुलीचे बाळंतपण आले. पत्नी पुण्याला गेली आणि बाळासाठी तिथेच राहिली. मुलीला नोकरी होती, त्यामुळे ते योग्यच होते. मला दोन खोल्या, एक टेबल आणि सबंध दिवस मिळाला.

डेस्कवर कोणतीही ओळ दुसऱ्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय छापली जात नसे. इथे दुसरे डोळे नव्हते. सकाळी काही सुचे, दुपारपर्यंत ते खरे वाटे, संध्याकाळी त्यातली चूक दिसे. मधल्या काही तासांत जे वाटे ते कोणाला सांगता येत नसे, आणि चूक दिसल्यावर सांगण्यासारखे काही राहत नसे. सोसायटीत मी काय करतो असे कोणी विचारले तर “लिहितो” म्हणत असे. पत्रकार होता, लिहीत असेल, असे समजून लोक पुढे जात.

पत्नीचा फोन रोज येई.

“अहो, जेवलात का?”

“जेवलो.”

“काय केलंत?”

“पिठलं.”

“काल पण पिठलंच होतं. आणि तुमचं ते तिप्पट चाललंय का अजून?”

“आज एक सापडलं. ज्या विषम संख्यांना चारने भागून एक उरतो ना, त्या सगळ्या निकालात निघाल्या.”

“म्हणजे झालं?”

“नाही. तीन उरणाऱ्या राहिल्या.”

“मग त्याही काढा,” ती म्हणाली. बाळ रडत होते, तिने फोन ठेवला.

माझी पद्धत साधी होती. समजा, एकवर कधीच न येणारी एखादी संख्या आहे. अशा संख्यांना मी हट्टी म्हणत असे. त्यांतली सर्वांत लहान हट्टी संख्या धरायची. तिच्याहून लहान सगळ्या संख्या शहाण्या, म्हणजे एकवर येणाऱ्या. मग ही संख्या वाटेत एकदा जरी स्वतःच्या खाली उतरली, तरी ती शहाण्या संख्येवर पोचते आणि तिच्या वाटेने एकवर येते. म्हणून हट्टी संख्या स्वतःच्या खाली कधीच उतरता कामा नये. सम संख्या पहिल्याच पावलाला निम्मी होते, ती बाद. चारने भागून एक उरणारी विषम संख्याही बाद. तेराचे चाळीस, चाळीसचे वीस, विसाचे दहा, आणि दहा तेराच्या खाली. उरल्या त्या तीन उरणाऱ्या. सात, अकरा, पंधरा यांसारख्या. त्या सुरुवातीला वर चढतात. त्यांच्यामागे मी काही महिने घालवले आणि एके दिवशी असे वाटले की त्याही संपल्या. संध्याकाळ झाली तरी चूक दिसली नाही. दुसऱ्या दिवशीही दिसली नाही.

अशा कागदांचे पुढे काय होते, याची मला कल्पना होती. डेस्कवर अधूनमधून तसा लिफाफा येई. कोणी पट्टी-कंपासाने कोनाचे तीन समान भाग केलेले असत, कोणी गुरुत्वाकर्षण नव्याने मांडलेले असे. घेऊन येणारा बहुधा निवृत्त, कपड्यांना इस्त्री, बोलणे मुद्देसूद. त्याला चहा दिला जाई. तो गेल्यावर लिफाफ्यातला पहिला परिच्छेद वाचला जाई, दुसरा नाही. मी तीन संस्थांना पत्रे पाठवली. एकीकडून पत्र मिळाल्याचे यंत्राने पाठवलेले उत्तर आले, उरलेल्या दोन्हींकडून तेही नाही. यात अन्याय काही नव्हता. पण मला नाव छापून यायला नको होते. नावे छापण्यात पुष्कळ वर्षे गेली होती. हवे होते ते इतकेच, की विषय जाणणाऱ्या एका माणसाने हे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.

वाशीत एका वाचनालयाच्या सभागृहात गणितावर व्याख्यान होते. व्याख्यात्या एका महाविद्यालयातून गणिताच्या विभागप्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या, राहायला बेलापूरला. व्याख्यान संपल्यावर मी त्यांना गाठले.

“किती पानं आहेत?” त्यांनी विचारले.

“साठच्या वर.”

“चार करा. चार वाचेन.”

“मॅडम, चारात नाही बसणार.”

“मग मी नाही वाचणार. राग नका मानू, सरळ सांगते. माझ्याकडे असे गठ्ठे येतात. आणि टाइप करून आणा, अक्षर लावायला मला आता होत नाही.”

कापणे हे माझे काम होते. कोणाचीही कॉपी, म्हणजे छापायला आलेला मजकूर, मला लांब वाटे, स्वतःचीही वाटली. साठ पानांचे चार करताना मी तेच केले जे बातमीचे करतात. घाईत असलेला वाचक पहिलेच वाक्य वाचतो, म्हणून निष्कर्ष पहिल्या वाक्यात. त्याखाली मुख्य कारणे, मग तपशील, आणि ज्याच्यावाचून चालेल ते शेवटी, म्हणजे जागा कमी पडली तर तिथून कापता येते. मूळ मजकूर “असे सिद्ध करायचे आहे की” या शब्दांनी सुरू होत होता. हे शब्द लांबण लावतात म्हणून काढले. आता पहिले वाक्य होते: प्रत्येक संख्या एकवर येते. छोटे, थेट. चार पाने झाली. बातमी नीट बसल्यावर जे समाधान होते, ते झाले. बेलापूरला जाऊन पाने देऊन आलो.

नंतर बरेच दिवस काही कळले नाही. फोन करून आठवण करून देणे बरे दिसले नसते. संध्याकाळी मी सारसोळेच्या जेट्टीपर्यंत चालत जात असे. तिथे गावातले एक गृहस्थ होडीपाशी जाळे नीट करत बसलेले असत. माझ्याच वयाचे. कधी तरी बोलताना मी त्यांना हा संख्यांचा खेळ सांगितला होता, तेव्हापासून ते तीच चौकशी करत.

“काय दादा, आला का नंबर खाली?”

“कागद दिलेत एका मॅडमना वाचायला. फोन यायचाय त्यांचा.”

“इतकं दिस? बाईला पन कलला नसल मंग.” त्यांनी खाडीकडे बोट केले. “ह्या भरतीचं पानी रोज उतरतं. त्याला कोन कागद मागतं?”

“आणि एखाद दिवशी नाही उतरलं तर?”

“तं तुमच्या नेरूलला आपोआप कलंल!” ते मोठ्याने हसले. मग म्हणाले, “पेपरान फोटू येल का तुमचा?”

“नाही.”

“मंग?”

 त्यांनी जाळ्याची पुढची गाठ धरली.

फोन आला तो सकाळी. “दुपारी या,” एवढेच त्या म्हणाल्या. आवाजावरून काही ओळखता आले नाही. बसमध्ये मी दोन्ही शक्यता धरून चाललो होतो, निदान तसे स्वतःला सांगत होतो.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाने टेबलावर वेगवेगळी मांडलेली होती. कागदाकडे लांबून पाहून तो वाचला गेला आहे की नाही हे डेस्कवरच्या माणसाला कळते. पहिल्या दोन पानांच्या समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. तिसऱ्यावर एका ओळीखाली रेघ होती. चौथ्या पानावर एकही खूण नव्हती, दुमडही नव्हती.

मॅडमनी चहा आणला आणि तिसरे पान माझ्याकडे फिरवले.

“हे वाचा. मोठ्यानं वाचा.”

मी वाचले. “ही वर चढलेली संख्या, वर म्हटल्याप्रमाणे, अखेर एकवर येते. म्हणजे वाटेत ती हट्टी संख्येच्या खाली उतरते.”

“एकवर येते, हे कुठून आणलंत?”

“वर म्हटलंय.”

“वर कुठे?”

मी पहिले पान पुढे ओढले. “इथे. पहिलंच वाक्य.”

“बरं. आणि ते पहिलं वाक्य कुठून आलं?”

पंखा चालू होता, पाने हलू नयेत म्हणून त्यांनी चष्म्याचे घर वर ठेवले. मी पहिले पान पुन्हा वाचले.  जे सिद्ध करायचे होते तेच मी आधी जाहीर केले होते आणि तिसऱ्या पानावर त्याचाच आधार घेतला होता. बातमीत पहिल्या परिच्छेदात आलेली गोष्ट पुढे ठरलेली गोष्ट म्हणूनच वापरतात; “वर म्हटल्याप्रमाणे” हे शब्द मी इतरांच्या मजकुरात आयुष्यभर घातले होते. साठ पानांच्या मजकुरातही ही जागा कच्चीच होती. तिथे तीच गोष्ट बरीच पाने फिरवून घेतली होती, एवढेच. चार पानांत ती उघडी पडली.

“कळलं ना?” त्यांनी विचारले.

“कळलं.”

“लगेच कळलं. पुष्कळ लोक इथे माझ्याशी भांडतात. एकजण तर चहा न घेता गेले.”

“पहिली दोन पानं?”

“स्वच्छ आहेत. माझ्या एम.एस्सी.च्या मुलांनी असं लिहिलं असतं तर मी पेढे वाटले असते.”

“म्हणजे ती बरोबर आहेत.”

“बरोबर आहेत हो, पण ती सगळ्यांना माहीत आहेत. या प्रश्नाला जो हात घालतो तो पहिल्या आठवड्यात इथपर्यंत येतो.”

“मला जरा जास्त लागला.”

त्या हसल्या. “तुमच्याकडे याला काय म्हणतात? आधीच येऊन गेलेलं असतं त्याला?”

“शिळी बातमी.”

“हं. तसं.”

चहा संपला होता. उठायला हवे होते.

“चौथं पान वाचलंत का?” मी विचारले.

“नाही. पायाच नाही म्हटल्यावर मजले बघून काय करायचं?”

“तेवढं वाचाल?”

“चूक आहे हे माहीत असून?”

“हो.”

“कशाला पण?”

“राहिलंय म्हणून.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. शिकवणाऱ्या माणसाला अशा विनंत्या नव्या नसाव्यात किंवा अगदीच नव्या असाव्यात. चेहऱ्यावरून सांगता आले नाही. मग त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि चौथे पान समोर ओढले. त्या उत्तरपत्रिका तपासतात तशा वाचत होत्या, पेन्सिलीचे टोक ओळीखालून सरकवत. एका ठिकाणी थांबल्या, समासात गुणाकार केला, माझा आकडा खोडला आणि दुरुस्त आकडा लिहिला. त्या आकड्याला आता काही अर्थ नव्हता. तरी पुढे त्याच्यावर अवलंबून असलेले दोन आकडेही त्यांनी दुरुस्त केले. मी समोर बसून होतो. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्यावर त्यांनी पान उलटून मागे काही आहे का पाहिले.

“वाचलं,” त्या म्हणाल्या.

मी आभार मानले. त्या दारापर्यंत आल्या.

“सोडून द्या असं मी सांगणार नाही. सांगून कोणी सोडत नाही,” त्या म्हणाल्या. “पण पुन्हा याल तेव्हा काही नवीन असलं तरच या हं.”

त्या आवाजात कडवटपणा नव्हता. त्यांच्या जागी मीही तेच म्हटले असते.

संध्याकाळी पत्नीचा फोन आला. जेवणाचे तिने विचारले नाही.

“गेला होतात?”

“गेलो होतो.”

“वाचलं का त्यांनी?”

“हो.”

“सगळं?”

“चारही पानं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. आणि पुढे, “मग आता या ना इकडे चार दिवस. बाळ बसायला लागलंय.”

येतो म्हणालो, आणि गेलोही. परत आल्यावर टेबलावरचे काम पुन्हा सुरू केले. तीन उरणाऱ्या संख्यांचे सोळाने भागून आणखी गट पाडता येतात. त्यांतला एक गट बाद होतो, बाकीचे राहतात. बत्तीसने भागले तर आणखी काही बाद होतात आणि पुन्हा काही राहतात. हेही सगळ्यांना माहीत असणार. बेलापूरला त्यानंतर जाणे झालेले नाही. नेण्यासारखे काही अजून हाती नाही.